अप्पा मुळ्ये यांचा वन्स मोर

रत्नागिरीत माणसाची किंमत दोन गोष्टींवर ठरते, असं अप्पा मुळ्यांचं मत होतं. त्याच्या मालकीची हापूसची कलमं किती, आणि त्याला भैरवी कळते की नाही. अप्पांच्या परसात एक रायवळ आंबा, तोही शेजाऱ्याच्या कौलांवर गळणारा. त्यामुळे त्यांनी आपला सगळा भार भैरवीवर टाकलेला होता.

दत्तात्रेय मुळ्ये हे नाव पगारपत्रकापुरतं. पाटबंधारे खात्यात ते हेडक्लार्क होते, पण कोणी विचारलं तर आधी सांगत, "आम्ही नाट्यसंगीतवाले." आमच्या हौशी मंडळाच्या प्रत्येक संगीत नाटकात ऑर्गनवर अप्पाच. रंगमंचाच्या कडेला, अर्ध्या अंधारात, धोतर सावरून बसलेले. गाणाऱ्याला वन्स मोर मिळाला की तो पुढे येऊन वाकायचा, आणि अप्पा अंधारात तेच पद पुन्हा वाजवायचे. "ऑर्गनला वन्स मोर मिळालेला तुम्ही कधी ऐकलात काय हो?" असं ते मला वर्षातून एकदा तरी विचारत. मी ऐकलेला नव्हता.

हे झाले उघडे अप्पा. एक लपवलेले अप्पाही होते.

शिमग्यात चांदेराईपलीकडच्या एका वाडीत भागोजी गोताडाचं नमन असे. नमन म्हणजे मृदुंग, झांजा, साड्या नेसून गौळणी झालेले बाप्ये, आणि काळा झगा घालून पोरांच्या अंगावर धावणारा संकासूर. आमच्या मंडळातली माणसं याला "शिमग्यातला धिंगाणा" म्हणत. अप्पाही म्हणत. आणि दरवर्षी गुपचूप शेवटची एसटी पकडून ऐकायला जात. ओळखू येऊ नये म्हणून तोंडाला मफलर गुंडाळत. फाल्गुनातल्या त्या उकाड्यात मफलरवाला माणूस म्हणजे मुळ्यांचे अप्पा, हे वाडीतल्या कुत्र्यांनाही पाठ झालं होतं. एकदा मीच त्यांना काजूच्या झाडामागे पकडलं. पायानं ताल चाललेला.

"अप्पा, इकडे कुठे?"

"चिरे सांगायला आलो होतो," अप्पा म्हणाले.

निमित्त अगदीच खोटं नव्हतं. भागोजी चिरेखाणीत कामाला होता आणि अप्पांच्या घराभोवतीचा चिऱ्यांचा गडगा त्यानंच रचलेला. काळा, रुंद, आणि गर्वानं फुगलेला माणूस. गावोगावच्या मंडळांनी दिलेली बिल्ले-पदकं त्यानं एका तपकिरी कोटावर टाचली होती. तो कोट घालून चालला की पितळी भांड्यांचं दुकान चालल्यासारखा आवाज येई. "आमच्यासारखा हात खेडापासून राजापुरापत्तुर दाखवा, मृदुंग फोडून टाकीन," असं तो मृदुंग वाजवता वाजवता सांगत असे. आणि पंचाईत अशी की ते खरं होतं. अप्पा मला एकदा, इकडेतिकडे बघून, कानात म्हणाले होते, "असा मृदुंग मी जन्मात ऐकला नाही. पण तुम्ही कुठे बोलू नका हं."

मग अप्पांना दिल्लीचं बोलावणं आलं.

देशपातळीवरचा एक मोठा सन्मान होता. त्याची खासियत अशी की तो मंत्री किंवा अधिकारी देत नसत. देशभरचे कलावंत एकत्र बसत आणि आपल्यातलाच एक कलावंत निवडत. त्या साली निवडायला बसणाऱ्यांत महाराष्ट्रातून पुण्याचे एक मोठे गवई जायचे होते. त्यांचे गुडघे ऐन वेळी सुजले. त्यांना रत्नागिरीतल्या कुठल्याशा नाटकात साथीला बसलेले अप्पा आठवले आणि त्यांनी अप्पांचं नाव सुचवलं. एका रात्रीत अप्पा राष्ट्रीय झाले. अप्पांच्या पत्नी उमावहिनींनी दोन स्वेटर, कानटोपी आणि मेथीचे लाडू बांधून दिले. "तिकडे फार बोलू नका," त्या म्हणाल्या. "तुमचं हिंदी ऐकून ती माणसं घाबरतील."

बातमी चांदेराईला पोचायला एक एसटी पुरली. भागोजी कोट वाजवत अप्पांच्या ओटीवर हजर.

"आप्पानू, आता आमचा काम झाला!"

"कसलं काम?"

"कसला म्हंजे? तुमी थय दिल्लीत बसनार. कलावंतानंच कलावंत निवडायचा, आसा ऐकला मी. मंग तुमी दुसरा कोन निवडनार? भिंतीत खिळा मारून ठेवलाय फ्रेमीसाठी."

अप्पा हसले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मंगला एक्स्प्रेसनं दिल्लीला गेले.

तिथं जे झालं ते अप्पांनी मला एकदम सांगितलं नाही. ते तुकड्या-तुकड्यानं आलं, काटे काढत मासा खावा तसं.

मोठं गोल टेबल. सतार, सरोद, कथक, एकेक नाव असं की अप्पांनी ते आजवर फक्त कॅसेटच्या पाठीवर वाचलेलं. जेवताना एका सतारवाल्या बाईंनी विचारलं, रत्नागिरीत आंब्यांशिवाय काय आहे? अप्पांनी त्यांना नाट्यसंगीत सांगितलं. हिंदीतून, हातवारे करून, टेबलावर पदाचा ठेका धरून सांगितलं. बाई म्हणाल्या, वाह! त्या एका 'वाह'नं अप्पा दोन इंच उंच झाले आणि दुपारच्या बैठकीत तसेच जाऊन बसले.

नियम असा होता की नाव कोणीही सुचवावं, पण ज्यानं त्या कलावंताला समोर बसून ऐकलंय त्यानं त्याच्यासाठी बोलावं. तसं कोणी बोललं नाही तर नाव बाजूला. दुपारी कर्नाटकातल्या एका ढोलवाल्यानं एक नाव काढलं. गोव्याच्या कुठल्याशा मेळ्यात त्यानं या माणसाला जाता जाता जरासंच ऐकलं होतं, समोर बसून नव्हे, पण तेवढ्यानं त्याची झोप उडाली होती. पडद्यावर चित्रफीत लागली. लाल धूळ, भोंगा, नऊवारीतले मिशीवाले बाप्ये, संकासूर, आणि मधोमध तपकिरी कोटातला भागोजी गोताड.

टेबलाभोवती माणसं हसली. वाईट नाही हसली, कौतुकानंच हसली. पण सतारवाल्या बाई हसत अप्पांकडे वळल्या, "मुळ्येजी, ये तो आप के यहाँ का है ना?"

ढोलवाला आशेनं बघत होता. आयुष्यभर मफलरीआडून ऐकलेलं सगळं अप्पांच्या ओठाशी आलं. आणि अप्पा म्हणाले, "हमारे यहाँ का मतलब... गाँव की तरफ का है. शिमगे में करते हैं लोग. हम नाट्यसंगीतवाले."

बस. नाव बाजूला झालं. पुढचं नाव आलं, त्याच्यासाठी तिघं बोलली.

"हिंदी आडवं आलं हो," अप्पा मला सांगत. मी मान हलवत असे. हिंदी जेवताना आडवं आलं नव्हतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

परतीच्या गाडीत अप्पांनी मनाशी ठरवलं की हा विषय आमच्या कुवारबावच्या रेल्वे स्टेशनाबाहेर जाऊ द्यायचा नाही. पण स्टेशनावर उतरले तर विषयच हार घेऊन उभा. भागोजीनं अख्खं नमन आणलं होतं! मृदुंग, झांजा, भर सकाळी साडी नेसून गौळणींची मावशी झालेला बाप्या, आणि तिकीट तपासनिसाच्या मागे लागलेला संकासूर. आमच्या मंडळाचे आम्ही चौघं एक केविलवाणा गुच्छ घेऊन बाजूला.

भागोजीनं हार घातला, पाय धरले आणि सरळच विचारलं, "माजा नाव निगाला काय?"

अप्पा म्हणाले, "निघालं."

इथपर्यंत खरं होतं. अप्पांनी इथं थांबायला हवं होतं.

"मंग? तुमी बोललात?"

गळ्यात झेंडूचा हार, समोर मृदुंग, भोवती पंचवीस माणसं. "बोललो रे," अप्पा म्हणाले. "पुष्कळ बोललो. पण दिल्लीची माणसं ती."

भागोजीचा चेहरा आधी पडला, मग असा उजळला की मला बघवेना. त्यानं मृदुंगावर थाप मारली. "आयकलात काय रं? आप्पा दिल्लीला भांडला माज्यासाठी! सन्मान काय करायचाय? मानूस मिळाला!"

एखाद्यानं लाच घ्यावी तशी अप्पांनी त्या दिवशी एक फणस, पायलीभर लाल तांदूळ आणि पिशवीभर कोकमं घेतली. घरी उमावहिनींनी विचारलं, "हे कशाबद्दल?" अप्पा म्हणाले, "सहज." वहिनींनी फणस उचलून आत नेला. त्या दिवसापासून फणसाच्या भाजीला अप्पांनी हात लावला नाही, आणि त्यांना फणसाची भाजी भयंकर आवडायची.

इतकंच असतं तर पचलंही असतं. पण भागोजी कलावंत. त्यानं त्याचं गाणं केलं.

त्या शिमग्याला गणपतीला वंदन झालं की लगेच नवं कडवं सुरू:

दिल्लीच्या दरबारी आप्पा गरजला,
कोकणचा मृदुंग पयला म्हनला!
पंच बसले सारे घालून मान,
आप्पानं राखला भागोजीचा मान!

चाल अशी ठसक्याची की ऐकणाऱ्याच्या तोंडात बसावी. कडवं गावोगाव पसरलं. बाजारात मासेवाली यमुनाबाई सुरमई कापता कापता ते गुणगुणायची आणि अप्पांना पाहून "दरबारी आले!" म्हणायची. पोफळीच्या वसाहतीत भागोजीचा कार्यक्रम झाला आणि तिथं वीजघरात नोकरीला असलेल्या अप्पांच्या मेहुण्यानं अभिमानानं फोन केला, "भावजी, तुमच्यावर गाणं! आमच्या घरात आजपर्यंत कोणावर साधी तक्रारसुद्धा झाली नव्हती!" अप्पांनी बाजारात जाणं सोडलं. मफलर आता रोजच बांधू लागले. ऑर्गनवर बसले की बोटं आपोआप त्या चालीकडे जात आणि ते दचकून झाकण लावत.

"सांगून टाका," मी म्हणालो.

"कसं सांगू? तो जीव लावतोय हो. शिव्या देत असता तर लगेच सांगितलं असतं."

दरम्यान त्यांनी ढोलवाल्याला फोन करून पाहिला. भागोजीचं नाव पुन्हा काढता येईल का? ढोलवाला म्हणाला, आपण त्या सालापुरते होतो, आता टेबलावर दुसरी माणसं आहेत. आणि मग, फार सभ्यपणानं, "त्या दिवशी तुम्ही बोलायला हवं होतं." अप्पा दोन दिवस जेवले नाहीत. उमावहिनींनी सगळं काढून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी त्यांचा शर्ट इस्त्री करून पुढे ठेवला. "खाणीवर जाऊन या," त्या म्हणाल्या. "आल्यावर भात वाढते."

मी सोबत गेलो. खाणीत चिरे कापायचं यंत्र घरघरत होतं, सगळं लाल. पांढरा शर्ट घातलेले अप्पा मिनिटभरात गाजरासारखे दिसू लागले. भागोजी खाली, फडकं बांधून.

"भागोजी, मी दिल्लीत तुझ्यासाठी बोललो नाही!"

"काय?" भागोजीनं कानाला हात लावला.

"बोललो नाही! गप्प बसलो!"

"यंतराचा आवाज हाय! मोठ्यानं!"

अप्पांनी आमच्या नाटकांत कधी तोंड उघडलं नव्हतं. पण त्या दिवशी त्यांनी असा आवाज लावला की वरच्या काठावरचा ट्रकवालाही वळून बघू लागला. "मला विचारलं, हा तुमचा का? मी म्हटलं, आम्ही नाट्यसंगीतवाले! मला लाज वाटली तुझी!"

भागोजीनं फडकं काढलं, तोंड पुसलं आणि पुन्हा बांधलं. मग कापलेला चिरा उचलून रांगेत लावायला गेला. परत आला नाही. आम्ही वाट बघितली, आणि निघालो. (फार पुढे त्यानं मला सांगितलं, अप्पांचं पहिलं वाक्यच त्याला नीट ऐकू आलं होतं.)

त्यानंतर फणस आला नाही, तांदूळ आला नाही. कडवंही बंद झालं. बाजारात यमुनाबाई नुसतीच सुरमई कापू लागली. अप्पा पुढच्या शिमग्याला वाडीत गेले नाहीत. मफलर कुठल्या तोंडानं बांधणार?

त्याच्या पुढच्या वर्षी शहरात नमनाची स्पर्धा झाली, आमच्याच नाट्यगृहात. पहिल्या रांगेत आमचं सगळं मंडळ, पाहुणे म्हणून बसवलेलं. अप्पांना मी ओढून आणलं होतं. भागोजीचं नमन आलं. कोट तोच, आवाज तोच. गणपती झाला आणि भागोजी थांबला.

"आमचा पेटीवाला आज ऱ्हायला," तो म्हणाला. पेटीवाला त्याच्या मागेच उभा होता, आम्हाला दिसत होता. "सूर कोन देईल? आप्पानू, या."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे पाहिलं. अप्पा उठले. मफलरीशिवाय, अख्ख्या मंडळासमोर, नमनाच्या पेटीवर जाऊन बसले. भागोजीनं थाप मारली. चाल तीच जुनी. शब्द नवे:

दिल्लीच्या दरबारी आप्पा बसला,
मृदुंग दिसला तसा खाली वाकला!
पंच पुसती, ह्यो कुठल्या गावचा?
आप्पा म्हनं, आसंल शिमग्याच्या नाचाचा!

क्षणभर कोणाला काही कळेना. मग मागच्या रांगांतून हसू फुटलं आणि आमच्या रांगेपर्यंत आलं. संकासुरानं अप्पांना मफलर गुंडाळल्याचा अभिनय केला तेव्हा नाट्यगृह कोसळलं. अप्पांचे कान जास्वंदीसारखे लाल. भागोजी हसत नव्हता. तो अप्पांकडे बघत वाजवत होता, आणि वाजवत होता असं की माझ्या अंगावर काटा आला. अप्पांनी मान वर केली नाही, पण सूरही सोडला नाही.

कडवं संपलं आणि मागून कोणीतरी ओरडलं, "वन्स मोर!" मग सगळेच ओरडू लागले. आमच्या मंडळाचे अध्यक्षसुद्धा.

भागोजी पुढे येऊन वाकला नाही. त्यानं मृदुंगावरचा हात अप्पांच्या दिशेनं केला.

"तुमालाच मागतायत," तो म्हणाला. "घ्या परत."

अप्पांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, भाता ओढला आणि सूर दिला.