एसी बंद, आई गप्प

त्या उन्हाळ्यात आई व्हिजिट व्हिसावर तीन महिन्यांसाठी रत्नागिरीहून माझ्याकडे सौदीत, यान्बूला आली होती. घरात आम्ही दोघंच. आणि मला नेमकं तेव्हाच एका मराठी कादंबरीचं ऑडिओबुक वाचायचं काम मिळालं होतं. आयुष्यातलं पहिलंच.

प्लांटवरून आलो की आवाज घुमू नये म्हणून मी बेडरूमच्या भिंतींना गाद्या टेकवून रेकॉर्डिंगसाठी आत कोंडून घ्यायचो. एसीची घरघर माइकमध्ये येते म्हणून दोन्ही खोल्यांचे एसी बंद. आई हॉलमध्ये मानेवर ओला पंचा ठेवून बसायची. एकदा कधी नव्हे तो एक परिच्छेद न अडखळता जमत होता, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. मी दार उघडून तिच्यावर खेकसलो. त्यानंतर ती मी यायच्या आत पातेल्यात भात शिजवून ठेवायला लागली. घरात चपला घालायचीही बंद झाली.

एक दिवस दाराशी येऊन म्हणाली, "मलाच समोर बसवून वाच की."

"तू मध्ये मध्ये बोलशील. पूर्ण झालं की ऐक."

दिवसभरात तिच्याशी मराठी बोलणारं त्या इमारतीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मला हे ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही.

ती परत गेल्यावर पुस्तक झालं. तिला पाठवलं. दोन दिवसांनी तिचा फोन आला.

"छान वाचलंस," ती म्हणाली. "पण ऐकताना तुझ्या घरात कुणीच नसल्यासारखं वाटतं रे."