लाल कडेची केबल

वायरमावशी पत्रा ठोकणाऱ्या कारखान्याच्या कॉम्प्युटर खोलीत बावीस वर्षं होत्या; वायरी जोडण्यापासून नोंदी भरण्यापर्यंत सगळं त्याच करायच्या, म्हणून हे नाव. प्रेसवरच्या कामगारांचे कान दरवर्षी तपासले जायचे. डॉक्टर आकडे सांगायचे, मावशी भरायच्या. कोणाचे कान किती गेले, हे त्यांना त्या माणसाच्या बायकोआधी कळायचं. सख्खा धाकटा भाऊही त्यातलाच. त्याला जेवायला बोलवायचं तर खांद्याला हात लावावा लागे.

मावशी निवृत्त झाल्या. पुढे कामगारांनी तक्रार केली, चौकशी लागली, आणि कंपनीने चक्क कानांवर हात ठेवले. "नोंदी जुन्या हार्ड डिस्कवर होत्या. ती मेली," मॅनेजर म्हणाले.

"मेली? मग मयताला मला कसं नाही बोलावलं?" असं म्हणत मावशी सुनावणीला भावाशेजारी जाऊन बसल्या.

चौकशी अधिकारी बाईंनी डिस्क समोर चालवून दाखवायला सांगितली. कंपनीच्या इंजिनियरने जुना कॉम्प्युटर उघडला, डिस्कला ती करड्या रंगाची चपटी, रुंद केबल जोडली आणि बटण दाबलं. पडदा काळाच.

"बघा," मॅनेजर म्हणाले.

मावशी मात्र कॉम्प्युटरच्या डब्यावरच्या पुढच्या दिव्याकडे बघत होत्या. तो लुकलुकत नव्हता. लागला तो लागलाच.

"केबल उलटी बसवलीय," त्या उठल्या. "लाल कड एक नंबरच्या पिनकडे हवी. येत नाही की मुद्दाम केलंत, ते तुमचं तुम्ही सांगा."

"बाहेरच्यांनी हात लावायचा नाही!" मॅनेजर मध्ये पडले.

"लावू द्या त्यांना," अधिकारी बाई म्हणाल्या.

मावशींनी आधी वीज बंद केली, केबल काढली. डिस्कची एक पिन वाकली होती. केसांतला आकडा काढून ती हलकेच सरळ केली. केबल फिरवून दाबली. डिस्क गुरगुरली. मावशींनी आपला जुना पासवर्ड टाकून फाइल उघडली, आणि पडद्यावर नावं सरकू लागली: वर्ष, डावा कान, उजवा कान.

"कोणाच्या परवानगीने फाइल उघडलीत?" मॅनेजरांचा आवाज चढला.

"तुमच्याच. बावीस वर्षं दिली होतीत, काढून घ्यायची विसरलात."

भावाला यातलं काहीच ऐकू आलं नाही. त्याने पडद्यावर आपलं नाव शोधलं आणि त्यावर बोट ठेवून तो उभा राहिला.

मॅनेजरांनी डिस्क परत मागितली. मावशींनी ती अधिकारी बाईंकडे दिली, वर पोचही घेतली.

निकालाला वर्ष लागलं. कान कामामुळेच गेले, असं लेखी आलं; प्रेसभोवती आवाज अडवणाऱ्या भिंती उभ्या राहिल्या. मावशींना मात्र फाटकातून आत यायची बंदी झाली. त्या अजून त्याच रस्त्याने भाजीला जातात, आणि फाटकाशी थांबून पहारेकऱ्याला मोठ्याने विचारतात, "काय रे, ऐकू येतंय ना नीट?"