उंबरठ्यावर आलं की आज

आमच्या ह्यांना अख्खी वस्ती ‘गळतीकाका’ म्हणते. इतकी वर्षं प्लंबरचं काम इमानेइतबारे केलं, त्याचं हे फळ! आधी मला भारी राग यायचा. आता कोणी ‘ओ गळतीकाकू’ अशी हाक मारली की मी मुकाट वळून बघते. सवय झाली, दुसरं काय.

माणूस कामाला वाघ, पण लिहायच्या नावाने शून्य. त्याला कारणही आहे म्हणा. दिवसभर हात ओले, त्यामुळे खिशातल्या चिठ्ठीचा संध्याकाळपर्यंत लगदा होतो. तरुणपणी एकदा असाच लगदा झालेला पत्ता वाचत हे भलत्याच घरात शिरले आणि तिथला चांगला धडधाकट नळ खोलून, नवा वॉशर घालून आले. त्या घरच्या बाईने वर चहा पाजला. ज्यांच्याकडे खरोखर पाणी गळत होतं, ते दुसऱ्या दिवशी आमच्या दारात येऊन जे काही बोलले, ते मी अजून विसरलेले नाही.

तेव्हापासून ह्यांनी कागदाचा नाद सोडला आणि वस्तू आणायला सुरुवात केली. ज्याच्याकडे काम, त्याच्याकडचा एखादा मोडका तुकडा आमच्या घरी. नळाची मूठ म्हणजे दातांचे डॉक्टर. फ्लशच्या टाकीतला गोळा म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. त्या बाईंना हे कळलं असतं तर आमची धडगत नव्हती. घरातली कामंही तशीच. टीपॉयवर एक चप्पल दिसली की समजायचं, मोच्याकडे जायचंय.

आणि ह्या सगळ्याला एक शिस्त होती बरं का. नवं काम बाहेरच्या खोलीच्या आतल्या भिंतीशी ठेवायचं, कपाटाजवळ. रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन हे खोलीभर फिरायचे आणि एकेक वस्तू पायाने दाराकडे सरकवायचे. काही थोडी, काही जास्त. जी उंबरठ्यावर आली ती आज, मग काही का होईना. उंबरठ्यावरची वस्तू ओलांडून हा माणूस कधी बाहेर पडला नाही. एकदा अंगात ताप होता, तरी मुख्याध्यापिकांचा गोळा घेऊन गेलेच. पाहुणे आले की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. खोलीत बसायला जागा नाही आणि प्रत्येक वस्तूबद्दल बजावायचं, “हलवू नका हं, ते शुक्रवारचं काम आहे.”

मागच्या वर्षी ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण, दुसऱ्या गावी असते. बसने जायचं तर पूर्ण दिवस मोडतो, म्हणून वर्षानुवर्षं जाणं होत नाही. ताई म्हणाली, “डोळे चाललेत गं माझे. समोरचं मधोमध पुसलं जातं, कडेकडेचं दिसतं. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं जपा. मान वाकडी करून बघितलं की माणसांचे चेहरे अजून ओळखू येतात. तेवढ्यात एकदा येऊन जा. तुला बघायचंय.”

मी फोन ठेवला आणि रडले. ह्यांनी स्टुलावर चढून माळ्यावरून निळी सुटकेस काढली, झटकली आणि कपाटाजवळ आतल्या भिंतीशी ठेवली. मी डोळे पुसले. म्हटलं, चला, लागली रांगेत.

दोनेक महिन्यांत ती सुटकेस कपाटापासून सोफ्याच्या हातापर्यंत आली. सावकाश येत होती, पण येत होती. मी रोज केर काढताना तिच्याकडे बघायचे आणि मनात म्हणायचे, चल बाई, पाय उचल.

आणि नेमकी तेव्हा आमच्या सूनबाईंना सुट्टी मिळाली.

पोर गुणी आहे, त्यात वाद नाही. लग्न होऊन आमच्याकडे आली त्याला तेव्हा थोडेच दिवस झाले होते. सकाळी ऑफिसला जायची ती रात्री यायची, त्यामुळे ह्या घरातलं हे शास्त्र तिला कोणी नीट सांगितलंच नव्हतं. तिला वाटलं, सासरे थकतात, घर आवरायला कोणाला वेळ नाही. मी दळण आणायला गेले होते. तेवढ्यात तिने सगळं भंगार एका पोत्यात भरलं, सुटकेस माळ्यावर टाकली, फरशी पुसली आणि वर टीपॉयवर फुलदाणी ठेवली.

संध्याकाळी हे दारात आले आणि थिजले. चकाचक खोली बघून त्यांचा चेहरा असा पडला, जसं कोणी घरच लुटून नेलंय. हळूच म्हणाले, “माझा आठवडा कुठे गेला?”

सून म्हणाली, “बाबा, मी जरा आवरलं.”

“पोरी, तू खोली नाही गं आवरलीस. माझं डोकं आवरलंस.”

मग जो गोंधळ झाला! पोतं उपडं केलं, पण तुकडे तुकड्यांत मिसळलेले. कोणता वॉशर कोणाचा, आज कोण आणि पुढच्या आठवड्यात कोण, काही पत्ता नाही. सून रडायला लागली. हे तिचीच समजूत काढत बसले, “असू दे, असू दे, ज्याचं गळत असेल तो बोंबलत येईलच.” आणि आलेच की! आठवडाभर आमच्या दारात जत्रा होती.

सुनेच्या मनाला ते फार लागलं. रविवारी तिने ह्यांना समोर बसवलं, फोन हातात घेतला आणि म्हणाली, “बाबा, तुमची पद्धत चुकीची नव्हतीच. आमच्या ऑफिसमध्येही अगदी हेच करतो, फक्त फोनवर. हे बघा, तीन रकाने. ‘नंतर’, ‘या आठवड्यात’ आणि ‘आज’. कामाचा फोटो काढायचा की झालं त्याचं कार्ड. बोटाने धरायचं आणि सरकवायचं.”

“आणि बोट ओलं असलं तर?”

“तर बोलायचं. ते आपोआप लिहून घेतं.”

ह्यांचे डोळे चमकले. हा माणूस आयुष्यभर बहुतेक ह्याच दिवसाची वाट बघत होता. चार दिवसांत फोनला आमच्या घरात देव्हाऱ्याचा मान मिळाला. पलीकडच्या गल्लीतल्या माणसाला हाक मारावी तसे हे फोनवर ओरडायचे, “डॉक्टरांचं बेसिन! तुंबलंय! लाल रंग लाव!” लाल म्हणजे तातडीचं, पिवळं म्हणजे जरा दमाने. मला पहिल्यांदा वाटलं, कोणाशी भांडताहेत.

सून त्यांना समजावत होती. “बाबा, तातडीचं वेगळं आणि महत्त्वाचं वेगळं. दोन्हीला लाल नाही लावायचं.”

“गळतं ते तातडीचं.”

“आणि महत्त्वाचं?”

“जे गळत नाही ते ओरडत नाही. त्याचं पुढे कधीतरी बघू,” असं म्हणून हे उठले.

खोटं कशाला बोलू, मला ते प्रकरण आवडलं होतं. खोली मोकळी झाली. पाहुण्यांना बसायला सोफा मिळाला. मुख्याध्यापिका एकदा स्वतः घरी आल्या, तर त्यांना मी न घाबरता बसा म्हटलं. सुनेने माझ्या फोनवरही ते रकाने उघडून दिले. “आई, घरातल्या सगळ्यांना दिसतं आणि सगळ्यांना सरकवता येतं,” म्हणाली. मी लगेच बघितलं. होती. ‘नंतर’ रकान्यात, खाली खाली, निळ्या सुटकेसचा छोटासा फोटो. त्याखाली लिहिलेलं, ताईकडे जाणे. रंग पिवळा.

मी बोट टेकवलं आणि ती उचलून ‘आज’मध्ये ठेवली. काय सोपं होतं! मला इतका आनंद झाला की मी जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं, म्हटलं, निघायचंच असेल तर तयार असावं.

दुपारी बघते तर सुटकेस परत ‘नंतर’मध्ये.

मी पुन्हा सरकवली. संध्याकाळी पुन्हा तिथेच. मग हा आमचा रोजचा खेळच झाला. तोंडाने एक शब्द नाही. मी भाजी निवडता निवडता पुढे ढकलायची, हे कोणाच्या तरी मोरीत वाकलेले असताना मागे ढकलायचे. शेवटी सूनच म्हणाली, “आई, बाकी सगळी कार्डं एकदा पुढे जातात आणि संपतात. ह्या एकालाच काय झालंय? सारखं येरझाऱ्या घालतंय.”

“त्यालाच विचार,” मी म्हटलं. माझं डोकं फिरलं होतं.

त्याच संध्याकाळी मी ताईला फोन लावला. ती हसत हसत म्हणाली, “अगं, आता भिंतीवरचं घड्याळ दिसेनासं झालंय. शेजारीण आली तर आधी बोलू देते आणि मग ओळखल्यासारखं करते.” ती हसली, मला नाही हसू आलं.

हे जेवायला बसले तेव्हा मी विचारलं, “अहो, ताईकडे कधी जायचं?”

“आहे ना कार्डावर. विसरलेलो नाही मी.”

“विसरला असतात तर बरं झालं असतं हो! निदान मी आठवण तरी करून दिली असती. आठवणीत ठेवून जो माणूस जात नाही, त्याला मी काय सांगू?”

“अगं, रोज लाल कामं येतात. पिवळं आपोआप मागे पडतं. त्यात माझा काय दोष?”

“पूर्वी पडायचं का मागे? ती सुटकेस सोफ्यापर्यंत आली होती. एकदा तरी उचलून परत कपाटाशी नेलीत?”

ह्यांनी घास हातातच धरला. कारण नेली नव्हतीच. तसं करायचं म्हणजे वाकायचं, ती उचलायची, माझ्या देखत चालत जायचं आणि आत ठेवायची. एवढी हिंमत ह्यांना कधी झाली नसती. फोनवर मात्र नुसतं बोट लागतं आणि बायकोचं तोंडही बघावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी हे न्हाणीघरात असताना मी स्टूल ओढलं. माळ्यावरून सुटकेस काढताना डोक्यावर धूळ पडली, गुडघा कुरकुरला, पण मी मागे हटले नाही. पुसली आणि बरोबर मधोमध, उंबरठ्यावर आडवी ठेवली. मग स्वयंपाकघराच्या दारात हाताची घडी घालून उभी राहिले. सून ऑफिसला निघाली होती, तीही माझ्या मागे येऊन थांबली.

हे आले. खांद्यावर हत्यारांची पिशवी, हातात फोन. उंबरठ्यापर्यंत तरातरा गेले आणि थांबले.

फोन वाजला. डॉक्टरांचा होता. दवाखान्यातला नळ मुळापासून निखळला होता आणि पाण्याचा फवारा पेशंटच्या अंगावर. डॉक्टर इतके ओरडत होते की आम्हाला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत होतं. ह्यांनी एक पाय उचलला. सुटकेसच्या वर नेला. तसाच धरला. आणि परत खाली घेतला.

मी मनात म्हटलं, आज हा माणूस ही ओलांडून गेला, तर मी पुन्हा ताईचं नाव ह्या घरात काढणार नाही.

हे वळले आणि त्याच सुटकेसवर मटकन बसले. “डॉक्टर,” फोनमध्ये म्हणाले, “जिन्याखाली लाल चाकाचा कॉक आहे. उजवीकडे फिरवा. पाणी थांबेल. नाही, मी येत नाही. मी गावाला चाललोय. दुसरा माणूस पाठवतो.”

दुसरा माणूस म्हणजे चौकातला प्लंबर, ह्यांचा जन्माचा वैरी! त्याने बसवलेला नळ दिसला तरी ह्यांचं पित्त खवळायचं. त्याला ह्यांनी स्वतः फोन केला. मग सुनेला म्हणाले, “पोरी, माझा ‘आज’चा आणि ‘या आठवड्यात’चा अख्खा रकाना त्याला दिसेल असं करता येतं का?”

“दोन मिनिटांत, बाबा.”

“कर. आणि त्याला लिही, मुख्याध्यापिकांकडे पांढरा टेप वापर म्हणावं. ढिला गुंडाळलास तर बघ.”

सुनेने उभ्या उभ्या केलं. फोन किती गुणी असतो ते मला त्या दिवशी कळलं. इतकी माणसं, इतकी कामं, चहा निवेपर्यंत दुसऱ्याच्या गळ्यात! मी साड्या भरत होते तेव्हा हे मागून येऊन म्हणाले, “तू बोलायचंस ना गं आधीच.” मी म्हटलं, “बोलत होते. बोटाने.”

ताईच्या घरी पोचलो तेव्हा ऊन उतरायला आलं होतं. दार तिनेच उघडलं. मी मुद्दाम तोंड मिटून उभी राहिले. आवाजावरून ओळखलेलं मला नको होतं.

ह्यांना आतून नळाचं टपटप ऐकू आलं असावं, कारण ते सुटकेस खाली ठेवून सरळ मोरीकडेच गेले. ताईने माझा दंड धरून मला खिडकीशी नेलं, उजेडात उभं केलं आणि मान एकदम वाकडी केली. मग थोडं इकडून बघितलं, थोडं तिकडून.

“अगं बाई!” ताई म्हणाली. “केवढी सुटलीस गं! आणि केस? सगळे पांढरे? रंग तरी लावायचास!”

दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी सोडलं नसतं. एरवी ताईलाही नसतं सोडलं. मी तिचे दोन्ही हात घट्ट धरले आणि तोंड आणखी उजेडात नेलं.

“अजून काय काय दिसतंय, ताई?” मी म्हटलं. “सांग ना. सगळं सांग.”