नाव घातलेला पेला

सुखदेवकाकांच्या खांद्याला कायम एक कापडी पिशवी असे आणि त्या पिशवीत कायम एक पेला. स्टीलचा, बुटका, एका बाजूनं जरासा चेपलेला. कुणाकडेही गेले, लग्नाच्या मांडवात असोत की तेरवीच्या, पाणी आलं की ते पिशवीत हात घालत, पेला पुढे करत आणि म्हणत, "यात टाका." सौंसरच्या आमच्या गल्लीत सगळे म्हणत, म्हातारा स्वच्छतेचा वेडा आहे. मीही तसंच धरून चालले होते.

काका नगरपालिकेत नळ सोडायच्या कामावर होते. कुठल्या मोहल्ल्याला किती वाजता पाणी, कुठली चावी किती फिरवायची, हे त्यांना पाठ. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी सकाळी कोपऱ्यावरच्या पाइपाच्या चावीपाशी जाऊन नव्या माणसाच्या चुका काढल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. पेला त्यांनी नोकरी लागल्यावर घेतला होता आणि भांडेवाल्याकडून त्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घालून घेतलं होतं. स्वतःचं नाव, वडलांचं नाव, आडनाव आणि खाली 'नळ विभाग'. कुणी हसलं तर म्हणत, "हसून राहिले काय? लोकं लग्नाच्या भांड्यावर नाव टाकते, मी नोकरीच्या टाकलं."

आमच्या समोरच्या खोलीत ते एकटे राहत. बायको जाऊन पाच-सहा वर्षं झालेली, मुलगी नागपूरला. मीही तशी एकटीच होते. नवरा सुरतेला कंपनीत, तीन-चार महिन्यांनी एकदा येणारा. माझी शाळा मोहगावला, पण ओवी झाल्यापासून मी रजेवर. दिवसभरात एका मोठ्या माणसाशी बोलणं होत नसे. चहा उभ्यानं, पोळी उभ्यानं. काका चारच्या सुमाराला "मास्तरीनबाई, पाणी सुटून राहिलं" असं सांगायला येत आणि ओसरीत टेकत. एकदा म्हणाले, "खरं सांगू का, चावीवरची कटकट सोडली तं दिवसातला पयला शब्द मी तुमच्याशीच बोलून राहिलो." मी नुसती हसले. माझंही तेच होतं, पण मला ते त्यांच्यासारखं सांगता आलं नाही.

ओवी चौदा महिन्यांची झाली तरी बाटलीवर होती. सवय मीच लावली, दुसऱ्या कुणाला दोष देत नाही. बाटली तोंडात दिली की ती गादीवर पडून राही आणि मला भांडी घासता येत. एक संपली की दुसरी. मग वरणभात कुठला जातोय पोटात? पोर पांढरीफटक दिसायला लागली तशी डॉक्टरकडे नेली. त्यांनी पापण्या ओढून पाहिल्या, रक्त तपासलं आणि म्हणाले, रक्त कमी आहे, नुसत्या दुधावर ठेवलंय तुम्ही हिला. बाटली बंद करा, दूध थोडं आणि तेही कपानं, बाकी जेवण.

हे मी फोनवर पांढुर्ण्याला सासूबाईंना सांगितलं आणि पस्तावले. सासरी संत्र्याची बाग, घर भरलेलं, गाय दारात. त्या म्हणाल्या, "शाळा उघडेपर्यंत पोरगी सुधरली तं ठीक. नाही तं मी तिले इकडे घेऊन येतो. तुयाच्यानं एकटीनं होऊन नाही राहिलं." संध्याकाळी नवऱ्याचा फोन, आई बरोबर म्हणते म्हणून. ओवी गेल्यावर त्या दोन खोल्यांत मी काय करायचं, हे दोघांपैकी एकानंही विचारलं नाही.

झालं, मी कामाला लागले. बदकाचं चित्र असलेला सिपर आणला, तो ओवीनं मोरीत भिरकावला. वाटी आणली, चमचा आणला. ती ओठ असे घट्ट मिटून घेई की वाटावं मी विषच पाजतेय. घरमालकीणबाईंनी सांगितलं, बाटलीच्या बोंडाला कडुनिंबाचा पाला वाटून लाव. लावला. ओवी दुपारभर रडली आणि शेवटी माझ्याकडे बघत बघत तसंच कडू दूध प्याली. काकांना कळलं तसे ते माझ्यावर चिडले. "लेकराले फसवू नोका, मास्तरीनबाई. उद्या तुमच्या हातचा घास घेताना बी ते इचार करीन."

आणि मग तो दिवस. काका ओसरीत चटईवर बसलेले, पेल्यात मी ओतून दिलेलं पाणी. ओवी त्यांच्या गुडघ्याला धरून उभी राहिली. त्यांनी दोन घोट घेतले, तिनं ते टक लावून पाहिले आणि दोन्ही हातांनी पेला ओढून थेट तोंडाला लावला. माझी पोर पेल्यानं पीत होती. आणि मी काय केलं? स्वयंपाकघरातून धावत जाऊन तो पेला हिसकावला. म्हटलं, "उष्टं आहे ते."

उष्टं. आदल्याच आठवड्यात घरमालकीणबाईंच्या ताटातला उष्टा भात ओवीनं खाल्ला होता, तेव्हा माझा हात पुढे झाला नव्हता. घरमालकीणबाई आमच्यातल्या होत्या. काका बौद्ध होते. हे माझ्या डोक्यात कुठे तरी बसलेलं होतं आणि ते अशा वेळी हातातून बाहेर आलं. मला कळलं, आणि काकांनाही कळलं. ते म्हणाले, "हो, उष्टाच हाये." नळाखाली पेला धुतला, गमछ्यानं पुसला, पिशवीत ठेवला. नळ घट्ट बंद केला आणि गेले.

आठ दिवस काका आले नाहीत. पाणी सुटल्याचं सांगायलाही नाही. चार वाजले की ओवी चटईवर हात आपटून "का, का" करी आणि मग बाटलीसाठी रडत बसे. मी देत होते. दुसरं काय करणार? सासूबाईंचा फोन आला, तिचे कपडे काढून ठेव म्हणून. मी तिची झबली घड्या घालून पिशवीत भरली, आणि ती भरलेली पिशवी बघून मला स्वतःची इतकी शरम वाटली की ओवीला कडेवर घेतलं आणि समोरचं दार वाजवलं.

खोलीत एक खाट, फळीवर बुद्धाची छोटी मूर्ती, शेजारी काकूंचा फोटो. मी म्हटलं, "काका, थोडे दिवस तो पेला द्याल का? ती दुसऱ्या कशानं पीत नाही." माफी मागायची होती, पण जिभेवर आली ती मागणीच. त्यांनी पिशवीतून पेला काढून खाटेवर ठेवला.

"माया बापाले हाटेलात आत कप नाही भेटे," ते म्हणाले. "बाहेर खिळ्याले एक कान तुटका कप टांगला राहे. त्यात चहा प्याचा, आपणच धुवाचा, आपणच टांगाचा. मी लहान होतो, पण पाहून राहिलो होतो. नोकरी लागली तवा म्हटलं, आपल्यासाठी कोणाले कप शोधाची पाळीच नाही येऊ द्याची. आपला गिलास आपल्यापाशी." हे सांगताना ते चिडलेले नव्हते. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

मग त्यांनी माठातलं पाणी पेल्यात घेतलं आणि माझ्यापुढे धरलं. "पयले तू पे," ते म्हणाले. मला ते पहिल्यांदाच तू म्हणाले. "लेकरू मायच्या तोंडाकडे पाहून पेते. तू नाही पेशील तं ते काहून पेईन?"

मी प्याले. गार, साधं पाणी. ओवी माझ्या ओठांकडे बघत होती. काकांनी पेल्यात घोटभर ठेवलं आणि तिच्या हातात दिलं. निम्मं झबल्यावर गेलं. मी पदर पुढे केला तर त्यांनी माझा हात मागे सारला. "सांडू दे. चावी खोलली का पयले हवा येते, मंग गढूळ पाणी, चांगलं पाणी त्याच्या मागून."

पुढचा महिनाभर माझ्या घरात नळ विभागाचं राज्य होतं. मी म्हटलं, आजपासून सगळ्या बाटल्या बंद. तर म्हणाले, "चावी एकदम बंद केली का पाइप फुटते. एक एक आटा फिरवा लागते." म्हणून आधी दुपारची बाटली गेली, आठवड्यानं सकाळची. निजतानाची सगळ्यात शेवटी, कारण त्यांच्या मते ती भुकेची नव्हती, सोबतीची होती. पेल्यात घोटाच्या वर काही ओतायचं नाही. पेला तिच्या तोंडाला आपण लावायचा नाही, तिचा तिनं धरायचा. आणि मला ताकीद, "उभ्यानं चहा पेत जाऊ नोको. बसून पे, तिच्या समोर." मग चार वाजता आम्ही तिघं चटईवर बसत असू. मी आणि काका चहा, ओवी पेल्यात दूध. ती प्याली की काका आपला कप उचलून प्यायचे, ते प्याले की ती. हो, कपच. पेला आता ओवीकडे असल्यामुळे काका आमच्या घरच्या कपातून चहा पीत होते. लग्न होऊन सौंसरला आल्यापासून मला कधी एकटं वाटलं नसेल तर त्या महिन्यात.

निजतानाची बाटली तिनं एका संध्याकाळी आपणहून सोडली. माझं बोट धरून झोपून गेली. वरणभात खायला लागली, गालांवर रंग आला. मी पेला परत करायला गेले तर काका म्हणाले, "राहू दे तिच्यापाशी." त्या दिवसापासून त्यांची पिशवी रिकामी लोंबत असे.

जूनमधल्या एका शनिवारी सासूबाई जामसांवलीच्या मारुतीचं दर्शन करून ओवीला न्यायला आल्या. काका ओसरीत बसले होते. ओवीनं पेला दोन्ही हातांनी उचलला, पाणी प्याली आणि खाली ठेवला. सासूबाईंचे डोळे भरून आले. "चांगलं केलं वो वर्षा," त्या म्हणाल्या. लग्नानंतर त्यांनी माझं केलेलं हे पहिलं कौतुक. मग पेला उचलून त्यांनी चष्मा लावला. नाव वाचलं. आडनाव दोनदा वाचलं. "हा कोणाचा होय?"

मला सांगता आलं असतं. काका चार हातांवर होते. पण ओवीचे कपडे भरलेली पिशवी अजून कपाटात होती, आणि मी भ्याले. "समोरच्यांचा आहे," मी म्हटलं. "चुकून आलाय आपल्याकडे. परत द्यायचाय."

काका उठले. "हो, मायाच हाये. मी तोच घ्याले आलो होतो," ते म्हणाले. पेला पिशवीत टाकला आणि पायऱ्या उतरून गेले. ओवी त्यांच्या मागे दारापर्यंत धावली.

सासूबाईंनी ओवीला नेलं नाही. मी शाळेत जायला लागले तशा त्याच दिवाळीपर्यंत येऊन राहिल्या. ओवी दुसऱ्या पेल्यानं प्यायला लागली, तिचं काही अडलं नाही. काका पावसाळाभर फाटकापाशी उभे राहून "पाणी सुटून राहिलं" एवढं सांगत आणि फिरत. एकदा मी त्यांना गल्लीत गाठलं आणि "काका, त्या दिवशी..." अशी सुरुवात केली. ते म्हणाले, "तुमच्या मोरीतला नळ ठिबकून राहिला, मास्तरीनबाई. वायसर बदला." मी पुन्हा 'तुम्ही' झाले होते. मी वायसर बदलला. बाकीचं दिवाळीनंतर बोलू, सासूबाई गेल्या की बोलू, असं मनाशी म्हणत राहिले.

दिवाळीला आम्ही पांढुर्ण्याला गेलो. ओवीला खोकला झाला म्हणून परतताना सासूबाई पुन्हा बरोबर आल्या. समोर कुलूप होतं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी काका कोपऱ्यावरच्या चावीपाशी बसले ते उठले नव्हते. सगळं उरकून झालं होतं.

चार दिवसांनी त्यांची मुलगी खोली रिकामी करायला आली. भांडी बुद्धविहारात दिली. जाताना आमच्या दाराशी आली, हातात पेला. म्हणाली, "बाबांनी फोनवर दोन-तीनदा सांगितलं होतं. हा गिलास ओवीचा आहे, चुकून आपल्याकडे आला, वापस द्यायचा आहे."

माझे शब्द. फक्त पेल्याचा मालक बदलला होता. मी दारातच खाली बसले आणि रडले. सासूबाई आतून आल्या, काय झालं विचारलं आणि पेला पाहिला.

मी आत गेले, माठातलं पाणी त्या पेल्यात घेतलं आणि त्यांच्यापुढे धरलं. म्हटलं, "आई, ओवीला पेल्यानं प्यायला यांनी शिकवलं. त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोलले." त्यांनी पेला हातात घेतला. नावावरून अंगठा फिरवला. मग न पिताच खाली ठेवला.

मी तो उचलला, ओवीच्या समोर मांडी घालून बसले आणि ती माझ्या तोंडाकडे बघतेय याची खात्री करून आधी मी प्याले. मग उरलेलं तिच्या हातात दिलं.