माझ्या पोरीचं नाव बुधी

माझी पोरगी वर ओटीवर बसली होती आणि मी खाली अंगणात उभी.

तिच्या अंगावर नवा फ्रॉक होता. पिवळा, फुग्याच्या बाह्यांचा. केसांना तेल, दोन रिबिनी. हातात क्रीमचं बिस्कीट. मला बघून ती उठली. तिच्या बापाच्या आईनं तिचा दंड धरून तिला परत खाली बसवलं आणि मला म्हणाली, "ए ठाकरीण, तिथंच बस. वर येऊ नको. सारवलंय."

ओटीला लादी होती. लादी कुणी सारवत नाय.

मी बसले. मातीत, चपलांच्या बाजूला. पोरीला न्यायला आले होते. आठ दिवसांपूर्वी तिचा बाप जीप घेऊन आमच्या वाडीखाली आला होता. म्हणाला, "म्हशाच्या जत्रेला नेतो तिला. पाळण्यात बसवतो. संध्याकाळी आणून सोडतो." चार वर्षांची पोर. पाळणा म्हटल्यावर ती माझ्या कडेवरून उतरलीच. त्या दिवशी संध्याकाळी जीप आली नाय. दुसऱ्या दिवशीही नाय.

ओटीवर दोन खुर्च्या टाकल्या होत्या. गावातली दोन मोठी माणसं बसली होती. त्यातल्या एकानं कागद काढला, शाईचा पॅड काढला. म्हणाला, "पोरीचं कल्याण होतंय. इथं अंगठा दे."

कागद उलटा होता, तरी एक नाव मला दिसलं. मी विचारलं, "श्वेता कोण?"

"तुझी बुधी," त्याची आई म्हणाली. "असली नावं आमच्या घरात नाय चालत."

पोरगी बुधवारची झाली म्हणून बुधी. आमच्यात अशीच नावं ठेवतात. आठ दिवसांत त्यांनी ते पुसलं होतं.

तिचा बाप अंगणाच्या कडेला जीपची काच पुसत होता. एकच काच. पुसतोय, पुसतोय. माझ्याकडं बघितलं नाय. त्याची लग्नाची बायको दाराच्या आत उभी होती, हातात कंगवा घेऊन. खुर्चीवरला माणूस खाली उतरला. माझा हात धरला, अंगठा शाईत दाबला, कागदावर दाबला. मग स्वतःची बोटं धोतराला पुसली.

मी दहावी पास आहे. आश्रमशाळेत माझं अक्षर बघायला गुरुजी दुसऱ्या वर्गातल्या पोरांना आणायचे. मला सही येते. हे मी त्या अंगणात बोलले नाय. "मला वाचू द्या", एवढंही नाय. उठले, आणि निघाले. मागून बुधी ओरडली, "आये!" मग कुणीतरी दार लावलं.

कोण होते मी, ते सांगते. किन्हवलीच्या वरच्या अंगाला डोंगरात आमची ठाकूरवाडी, ठाकर आदिवासींची. दहावीनंतर मला शहापूरला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात काम मिळालं. केर काढायचा, सुया उकळायच्या, पेशंटचे नंबर लावायचे. रोज बुधीच्या बापाच्या जीपनं जायची. शहापूर, किन्हवली, मुरबाड अशी त्याची जीप धावायची. बाकीच्या बाया मागं दाटीवाटीनं बसायच्या, मला तो पुढं बसवायचा. त्याच्या घरची शेती, भाताची गिरणी, गावात वजन. मला वाटलं, हा माणूस वेगळा आहे. वेगळा होताही. शहापुरात खोली घेतली आमी, दोन वर्षं राहिलो. माझ्या हातची नाचणीची भाकरी तो मागून मागून खायचा.

लग्न नव्हतं झालं. त्याची मला लाज नव्हती. आमच्यात आधी संसार मांडतात, लग्न मागाहून, जमेल तेव्हा. पण त्याच्यात तसं नव्हतं. ते त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मला दोन वर्षांनी कळलं.

बुधी झाली त्या दिवशी नर्सबाईंनी बापाचं नाव विचारलं. तो म्हणाला, "जीप लावून येतो." आला तो दुसऱ्या दिवशी. जन्माच्या दाखल्यावर बापाच्या नावाच्या जागी आडवी रेघ पडली. बुधी सहा महिन्यांची असताना घरच्यांनी त्याचं जातीतल्या पोरीशी लग्न लावलं. मी खोली सोडली, वाडीवर आयकडं आले; दवाखान्यातलं काम तेवढं ठेवलं. साडेतीन वर्षं त्यानं तोंड दाखवलं नाय. मग त्याच्या बायकोची दोन बाळंतपणं वाया गेली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता होणार नाय. तेव्हा त्या घराला आठवलं की डोंगरात आपलं रक्त आहे.

अंगठा देऊन परत आले आणि माझं बसणं संपलं. खरंच सांगते, मी बसूच शकत नव्हते. भाताचं पाणी वेळायला घेतलं की अर्ध्यात उठायची. दवाखान्यात एक कपाट दिवसातून चारदा पुसायची. दुपारी दवाखाना बंद झाला की दुसऱ्या कुणाच्या जीपनं सरळ त्याच्या गावी जायची. तिथल्या बालवाडीसमोर चिंचेचं झाड होतं, त्याच्या आडोशाला उभी राहायची. पोरं सुटायची. त्याची बायको बुधीला न्यायला यायची. बुधी तिचं बोट धरून जायची. पहिल्या महिन्यात ती सारखं मागं वळून बघायची. तिसऱ्या महिन्यात वळेना.

पोलीस चौकीत गेले. हवालदारानं विचारलं, "लग्नाचा पुरावा?"

"लग्न नाय झालं."

"मग कसली तक्रार? बापाच्या घरी आहे, दूध पिते, शाळेत जाते. तुझ्याकडं काय आहे?" बाजूचा हसला. मी उभीच होते. बस म्हणालं नाय कुणी.

आय म्हणायची, "सोड गो. तिकडं पोटभर खाईल." आयचं चुकत नव्हतं. त्या वर्षी आमच्या घरात पावसाळ्याला पुरेल एवढं भात नव्हतं. पण मला एकच दिसायचं. तिला ते जेवायला घालतील, आणि माझ्यासारखीला अंगणात बसवायलाही तेच शिकवतील.

वाडीवाडीत फिरणारी आदिवासींच्या संघटनेची एक ताई होती. तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू शिकलेली आहेस. अंगठा का दिलास?" पण तिनंच वकीलबाई शोधल्या. पैसे न घेणाऱ्या. केस उभी राहिली ठाण्याला, जिल्हा कोर्टात. तारखा पडत गेल्या. मी प्रत्येक तारखेला गेले. तो चार तारखांना आला नाय.

पाचव्या तारखेला आला. त्याच्या वकिलानं तो कागद पुढं केला. म्हणाला, "अशिक्षित बाई आहे, साहेब. पण तिला सगळं वाचून दाखवलं होतं. स्वखुशीनं अंगठा दिलाय."

मी म्हटलं, "साहेब, कागद मला द्या."

जज साहेबांनी देवविला. मी मोठ्यानं वाचला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. 'सांभाळण्यास असमर्थ', 'कायमचा हक्क सोडत आहे', सगळं. आठ महिन्यांत पहिल्यांदा मला कळलं की मी काय दिलं होतं.

साहेबांनी विचारलं, "वाचता येतं, तर सही का नाही केली?"

"सही मागितली नाय. माझा हात धरून अंगठा दाबला. आणि मी भ्याले."

भ्याले, हे सगळ्यांसमोर बोलणं सगळ्यात अवघड गेलं. पण बोलले आणि काहीतरी सुटलं.

त्याच्या वकिलाला वाटलं, बाई मोडली. पुढं आला. "तुमचं लग्न झालंय?"

"नाय."

"तरी मूल झालं. तुमच्यात असंच चालतं का?"

"आमच्यात आधी संसार, मग लग्न. माझ्या आयबापाच्या लग्नात मी नाचलेय. सहा वर्षांची होते."

मागं लोक हसले. साहेब हसले नाय.

वकील म्हणाला, "म्हणजे धरबंद नाही. यांच्याआधी किती जणांबरोबर राहिलात?"

माझ्या वकीलबाई उठत होत्या. मी हातानं थांबवलं. हे मलाच बोलायचं होतं.

"साहेब," मी म्हटलं, "यांना पोरीच्या बापाबद्दल शंका आहे का? शंका असंल तर हे कुणाची पोरगी मागायला आलेत? आणि शंका नसंल, तर दाखल्यावर रेघ का आहे? पोर झाली तेव्हा हा जीप लावायला गेला होता. साडेचार वर्षं जीपच लावत होता काय?"

कोणी हसलं नाय. वकील कागद चाळायला लागला. आणि तो, ज्यानं त्या दिवशी काच पुसत माझ्याकडं पाठ केली होती, त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. मी नजर हलवली नाय. त्यानंच खाली घातली.

निकाल माझ्या बाजूनं लागला. लग्न नसलेल्या आईबापाच्या लेकरावर पहिला हक्क आईचा, असं साहेबांनी लिहिलं. बापानं महिन्यातून एका रविवारी भेटावं. तो दोन रविवार आला. मग नाय आला.

पोरीला ताब्यात घेतलं तेव्हा त्याच्या बायकोनं माझ्या हातात फ्रॉकचं गाठोडं दिलं. डोळे सुजलेले. हळूच म्हणाली, "दूध गरम नका देऊ. कोमट लागतं तिला." मला तिचा राग आला. मग माझा मलाच राग आला. तिलाही त्या घरानं कामापुरतंच आणलं होतं.

सगळं गोड झालं असं समजू नका. बुधी मला "बाई" म्हणायची. भाकरी थुंकायची. एकदा मी जवळ घेतलं तर म्हणाली, "तुझ्या अंगाला वास येतो. ठाकरांना वास येतो." पाच वर्षांची नव्हती अजून. मी तिला मारलं. मग बाहेर जाऊन दगडावर हात आपटला. "आये" म्हणायला तिला वर्ष लागलं. ते वर्ष मला कुठलं कोर्ट परत देणार?

गेल्या वर्षी ती हायस्कूलला गेली. शाळेतल्या बाईंनी मला बाजूला घेतलं. "फॉर्मवर वडील मयत असं लिहून टाका. मुलीला कुणी काही विचारणार नाही. पुढं लग्न जमवतानाही बरं." मनानं चांगल्या आहेत त्या. आयही तेच म्हणाली, "मेला म्हण गो, सुटशील."

मी नाय लिहिलं. मी त्याला मारणार नाय. मेलेल्या माणसाला कोणी काय विचारत नाय. त्याचं सगळं माफ होतं, वर भिंतीवर फोटो लागतो, हार चढतो. तो जिता आहे. सरळगावच्या नाक्यावर रोज उभा असतो. आता दोन जीपा आहेत त्याच्या, लोक शेठ म्हणतात. त्याला ठाऊक असू दे की त्याची पोरगी त्याच नाक्यावरनं शाळेत जाते, आणि तिला सगळं ठाऊक आहे.

कारण मी तिला सांगितलंय. एका दुपारी, पातेली घासता घासता, पहिल्यापासून शेवटपर्यंत. माझी भीती, माझी चूक, त्याचं गप्प राहणं. काय लपवलं नाय. ऐकून ती राखेत बोट फिरवत बसली. मग विचारलं, "पोरी विचारतील बाप कुठंय, तर काय सांगू?"

"खरं सांग. त्याचं नाव सांग, गाव सांग. लाज त्याची आहे, ती त्यानं सांभाळावी. आपण ती घरात ठेवायची नाय."

मी आता हे कुणीही विचारलं तरी सांगते. नाय विचारलं तरी सांगते.