त्या अहवालावर वहिनीचं नाव

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॅम्प तीनमधल्या माझ्या जीन्सच्या कारखान्यात एका चेनवाल्याशी कडाकडा भांडत होते. शिवून तयार झालेल्या पँटींच्या चेन निम्म्यावर अडकत होत्या, आणि हा पठ्ठ्या हसत सांगत होता, "दीदी, मेरी चेन एकदम सही है, रनर में लफडा होगा." चेनवर सरकतो तो रनर पुरवणारा सकाळीच येऊन याच्या बरोबर उलटं सांगून गेला होता. तेवढ्यात फोन वाजला. माझा थोरला भाऊ, दादा. "माया, सुनंदा गेली गं," एवढंच बोलला… मी त्या माणसाला म्हटलं, "तू जा बाबा आता." तो गेला. हसू की रडू, मलाच कळेना, कारण माझ्या सुनंदावहिनीने जन्मभर असलीच भांडणं निस्तरली होती.

दादाशी लग्न होऊन ती आमच्या मांजर्लीच्या घरी आली तेव्हा "तुमची वहिनी काय करते?" असं कुणी विचारलं की आम्ही "कॉम्प्युटरमध्ये आहे" म्हणून मोकळे व्हायचो. एकदा मीच तिला विचारलं, तर माझ्या टेबलावरची चेन उचलून म्हणाली, "हे बघ. दात एकाचे, रनर दुसऱ्याचा. दोघंही आपापल्या घरी तपासून पाठवतात आणि दोघांचंही बरोबर असतं. उघडी पडते ती गिऱ्हाइकाची पँट, तीही भर लग्नात. मी ते लग्नाच्या आधी बघते." अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत तिची लॅब होती. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं तिथे यायची, आणि ती एकमेकांना जोडली तर नांदतात का, हे ती तपासायची. पूर्वी म्हणे मोठ्या कचेऱ्यांत दोन वेगळ्या वायरी असत. एकीतून रोजचे निरोप जायचे, दुसरीतून साठवणीचा डेटा. मग खर्च वाचवायला दोन्ही एकाच वायरीतून न्यायचं निघालं. निरोप वाटेत हरवला तर पुन्हा पाठवता येतो, पण साठवणीचे तुकडे वाटेत पडायला लागले की सगळंच अडतं. म्हणून गर्दी झाली की पुढच्या यंत्राने "थांब" म्हणायचं आणि मागच्याने निमूट थांबायचं. दोन्ही यंत्रं एकाच कंपनीची असली तर ऐकतात. दोन कंपन्यांची असली की… "सासू-सून!" असं म्हणून वहिनी माझ्या आईकडे बघून डोळे मिचकावायची. आईसुद्धा हसायची.

घरात कुणी "माझ्याकडून ओके आहे" म्हटलं की मात्र ती भडकायची. माझ्या मुलीच्या लग्नात आचारी म्हणाला सगळी तयारी झाली, हॉलवाला म्हणाला हॉल तयार आहे. हिने आदल्या दिवशी जाऊन विचारलं, "तुमची भट्टी यांच्या दारातून आत जाते का?" जात नव्हती! वैताग आणायची बाई, खरं सांगते. साधा नवा कुकर आणला तरी जुन्या गॅसवर नीट बसतो का ते बघितल्याशिवाय तांदूळ धुवू द्यायची नाही. पण तिचं चुकलेलं मला तरी आठवत नाही.

आता मी ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. दोन बड्या कंपन्यांच्या यंत्रांची जोडणी एका मोठ्या रुग्णालयाला विकायची होती. दोन्ही यंत्रं एकेकटी सगळ्या चाचण्यांत पास. जोडूनही पास. पण वहिनीने गर्दी वाढवत नेली तसं एकाचं "थांब" दुसरं ऐकेनासं झालं आणि साठवणीचे तुकडे गळायला लागले. तिने त्या चाचणीपुढे "नापास" लिहिलं. लॅबचे साहेब म्हणाले, "मॅडम, एवढी गर्दी कुठल्या रुग्णालयात होणार आहे?" वहिनी म्हणाली, "सर, तुम्ही सोमवारी सकाळी कधी सरकारी दवाखान्यात गेलायत का?" हे तिने घरी येऊन आम्हाला साग्रसंगीत ऐकवलं. हसलो आम्ही, मजा वाटली. आणि त्याच आठवड्यात उल्हास नदीचं पाणी मांजर्लीत शिरलं. आमच्या तळमजल्यात कमरेएवढं पाणी. वहिनी रजा काढून घरी चिखल उपसत होती, गाद्या फेकत होती, आणि तिकडे साहेबांनी अहवाल पाठवून दिला. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. फक्त ती गर्दीची चाचणी तेवढी गाळली होती. खाली छापलं होतं, चाचणी करणारी सुनंदा अमुक अमुक.

ती लॅबमध्ये परत गेली, तिने तो अहवाल पाहिला, आणि साहेबांच्या टेबलावर ठेवून म्हणाली, "एक तर ती ओळ घाला, नाहीतर माझं नाव खोडा." साहेब म्हणाले, बघू. मोठ्या माणसांचं बघू म्हणजे काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. पुढे व्हायचं तेच झालं. रुग्णालयाची जोडणी भर ओपीडीच्या वेळेला अडकली, रुग्णांचे रिपोर्ट उघडेनात, माणसं स्ट्रेचरवर ताटकळली. दोन्ही कंपन्या म्हणाल्या, आमच्याकडून ओके आहे. मग कागद बघितला गेला आणि त्यावर नाव कुणाचं? साहेबांनी तिला दोष दिला नाही हो, मोठे सज्जन ते! फक्त गप्प बसले. या धंद्यातली माणसं एकमेकांना ओळखतात. "तिनेच तर पास केलं होतं," एवढं वाक्य पुरलं. वहिनीने नोकरी सोडली. दुसरीकडे मुलाखतीला गेली की समोरचा माणूस चहा विचारायचा, गोड बोलायचा, आणि पुन्हा फोन यायचा नाही. घराजवळ बेलवलीत मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घ्यायला लागली. इतकी हुशार बाई! माझ्या जिवाचा अजून तळतळाट होतो.

पण तिने पिच्छा सोडला नाही. नोकरी परत मागितली नाही, भरपाई मागितली नाही. तिचं मागणं एकच होतं, माझं नाव त्या अहवालावरून खोडा. कंपनीचं उत्तर ठरलेलं. बंद झालेल्या अहवालात बदल करता येत नाही. दादा म्हणायचा, "अगं, सोड ना आता. कोण वाचतंय तो कागद?" ती म्हणायची, "मी वाचते." कॅन्सर झाला, केस गेले, तरी ते चालूच. शेवटचं भेटले तेव्हा मी तिला डाळिंबाचे दाणे भरवत होते. दोन खाल्ले आणि माझा हात बाजूला केला. "माया, त्यांचं काही आलं का गं?" मी म्हटलं, "येईल गं, वहिनी." ती म्हणाली, "खोटं बोलू नकोस. तू तरी…" आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

ती गेल्यावर बुद्धविहारात पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला साहेब आले. पांढरा शर्ट, हात जोडलेले, डोळ्यांत पाणी. खरं पाणी होतं, नाही कशाला म्हणू? माणूस गेला की सगळ्यांना त्याचे गुण दिसायला लागतात, त्याला कुठे खर्च येतो? जाताना दादाला म्हणाले, लॅबला सुनंदाताईंचं नाव द्यायचं ठरवलंय, तुम्ही सगळ्यांनी यायचं. दादा भारावून गेला. मी घरी आल्यावर त्याला फाडफाड बोलले. "दादा, ती काय मागत होती आणि हे काय देतायत?" तो हळूच म्हणाला, "माया, इतकी वर्षं त्या नावाला बट्टाच लागला होता ना? निदान आता तरी चांगल्या ठिकाणी लागतंय. मला बघू दे गं एकदा." नवरा तो तिचा.

गेले मी. लॅबच्या दारावर पितळी पाटी होती, झेंडूचा हार होता, आत यंत्रांच्या पंख्यांची घरघर. दादा पहिल्या रांगेत, नवा सदरा घालून. मी शेजारी. तिच्या हाताखाली शिकलेली पोरं भिंतीला टेकून उभी होती, खाली मान घालून. साहेबांनी माईक घेतला. ताईंची चिकाटी, ताईंची सचोटी, ताईंचा काटेकोरपणा… त्या गाळलेल्या ओळीचा शब्द नाही. आणि शेवटी आवाज चढवून म्हणाले, "सुनंदाताईंचं नाव आता या लॅबमधून कधीही, कुणालाही पुसता येणार नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळी वाजवायला दादानेही हात उचलले होते. त्याने एकदम माझ्याकडे पाहिलं, आणि ते हात तसेच मांडीवर ठेवले.