बांधातले दगड

अमेरिकेतल्या ओझार्कच्या टेकड्यांत पेराल ते उगवेलच असं नाही, पण दगड मात्र न पेरता दर साली उगवतात, असं तिथली माणसं म्हणतात. डेल्मर स्टॉग्सडिलचा जन्म याच दगडांशी झुंजण्यात गेला. काउंटीच्या कच्च्या रस्त्यांवर तो ग्रेडर, म्हणजे रस्ता सपाट करायचं यंत्र, चालवायचा. पाऊस रस्ते उखडायचा, हा पुन्हा सारखे करायचा. पानगळीत, हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होण्याआधी, चर्चच्या तळघरात तो गावच्या पोरांना बंदूक कशी धरायची ते शिकवायचा. खरं तर कशी धरायची नाही, तेच जास्त. त्याच्या हाताखालून गेलेली पोरं आता आजोबा झालीत, तरी किराणा दुकानात तो दिसला की त्यांचे हात आपोआप खिशाबाहेर येतात.

त्याला आयुष्यात हवं होतं ते फार नव्हतं. वेल्डा हवी होती, ती मिळाली. आणि गोठ्यापलीकडच्या घळीत नेमबाजीसाठी स्वतःची रेंज हवी होती. या टोकाला रायफल टेकवायला टेबल, त्या टोकाला निशाणांची चौकट आणि तिच्यामागं सगळ्या गोळ्या पोटात घेणारा मातीचा उंच बांध.

"दुसऱ्यांचे नवरे निवृत्त झाले की होडी घेतात," वेल्डा म्हणायची.

"होडी बुडते. बांध बुडालेला ऐकलायस कधी?"

वेल्डाचा धाकटा भाऊ हर्शेल आपलं खोदायचं यंत्र घेऊन आला. कुरणात तळं खणलं आणि त्याच्या मातीचा बांध रचला. "चल, आता उडव बार," हर्शेल म्हणाला. डेल्मर नुसता हसला. बांधाच्या तोंडावरची माती बिनदगडाची हवी. गोळी मातीत निमूट शिरते, पण दगडावर आपटली की उलटून कुठं जाईल ते देवालाही सांगता यायचं नाही. बांधाच्या तोंडावर एक जरी दगड दिसला, तरी कुणी बार काढायचा नाही, हा त्याचा कायदा.

मग नवराबायको बादल्या घेऊन दगड वेचायला लागले. पाऊस पडला की माती खाली बसायची आणि नवे दगड डोकं वर काढायचे. वेल्डाची कंबर धरायची, तरी तिला ते काम आवडायचं. घरात तो तासन्‌तास गप्प असायचा; बांधावर मात्र बोलायचा.

याच दिवसांत त्याचं विसरणं सुरू झालं. आधी नावं गेली, मग चष्मा फ्रीजमध्ये सापडायला लागला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. घरी परतताना डेल्मर गाडीत म्हणाला, "नाव तेवढं तू लक्षात ठेव. मला नाही जमायचं." दोघं हसले होते.

पानगळीतली एक दुपार. वेल्डा बांधाशी ओणवी होऊन दगड वेचत होती. मागून त्याचा आवाज आला, तळघरात पोरांसमोर लागायचा तसा खणखणीत, "रेंज मोकळी आहे! भरा!"

तिनं वळून पाहिलं. डेल्मर टेबलाशी बसला होता. रायफल खांद्याला होती आणि नळी तिच्याकडं. तो तिच्याकडंच पाहत होता, पण ती त्याला दिसत नव्हती.

"डेल्मर!"

तो दचकला, नळी खाली केली आणि चिडून ओरडला, "ओ बाई! वर्ग चालू असताना पुढं जायचं नाही, सांगितलं नाही का कुणी तुम्हाला? बंदूक माफ करत नसते!"

"चुकलंच माझं," ती म्हणाली. चालत त्याच्यापर्यंत आली आणि त्याच्या हातून रायफल काढून घेतली. त्यानं ती शहाण्या मुलासारखी दिली.

संध्याकाळी हर्शेल आला. त्यानं रायफल उघडली, आतलं काडतूस काढून शर्टाच्या खिशात टाकलं आणि बहिणीकडं पाहिलं. घरातल्या सगळ्या बंदुका गोधडीत गुंडाळून त्यानं पिकअपमध्ये ठेवल्या.

"कुठं नेतोस रे?" डेल्मरनं पायरीवरून विचारलं. दुपारचं त्याला काही आठवत नव्हतं.

"साफ करून आणतो. गंज चढलाय बघ."

"माझ्या बंदुकीला गंज? तुझ्या तोंडाला चढला असेल!"

हर्शेल हसला. गाडीत बसल्यावर मात्र त्याला किल्ली पटकन लागेना.

त्या दिवसापासून डेल्मर रोज विचारायचा, "रायफली कधी येणार?" आणि वेल्डा रोज म्हणायची, "अजून दगड आहेत की. तुझाच कायदा ना?" ते पटून तो बादली उचलायचा. हिवाळा असाच गेला.

वसंतात एके सकाळी डेल्मरनं बांधाच्या तोंडावरून तळहात फिरवला, वरून खाली, या कडेपासून त्या कडेपर्यंत. माती पिठासारखी झाली होती. "झाली बघ," तो म्हणाला. त्याच्या तोंडावर असा आनंद तिनं कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. "रविवारी हर्शेलला बोलाव. म्हणावं, रायफली घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी तो उठायच्या आत वेल्डा ओढ्यावर गेली. ॲप्रनच्या ओच्यात दगड भरून आणले आणि अंगठ्यानं एकेक करून बांधात दाबले. डेल्मर आला, पाहिलं, मान हलवली. "ही जमीन म्हणजे ना," तो म्हणाला, आणि बादली आणायला गेला. तिला वाटलं होतं, फसवल्याचं वाईट वाटेल. पण त्याची वाकलेली पाठ पाहून जे वाटलं, त्याला तिच्यापाशी शब्द नव्हता.

"लोक टोमॅटो लावतात," हर्शेल एकदा म्हणाला, "माझी बहीण दगड लावते."

"पीक चांगलं येतं," ती म्हणाली, आणि तोंड फिरवून उभी राहिली.

जूनमध्ये एका उतरत्या उन्हाच्या वेळी डेल्मर बांधाशी खाली बसला होता. हातात एक दगड होता. बराच वेळ तो त्याच्यावरून बोट फिरवत राहिला.

"वेल्डा, हा ओढ्यातला आहे."

वेल्डानं हातातली बादली खाली ठेवली.

"टेकडीचा दगड धारदार असतो. हा पाण्यानं गोल झालाय. सगळेच गोल आहेत. तूच आणून दाबलेस." त्यानं वर पाहिलं. नजर स्वच्छ होती, पूर्वीची. "कुणावर धरली मी बंदूक?"

त्या दुपारबद्दल तिनं त्याला कधीच सांगितलं नव्हतं. आता खोटं बोलावं असं तिच्या मनात आलं, पण ही नजर पुन्हा कधी मिळेल याची खात्री नव्हती, आणि त्या नजरेशी तिला खोटं बोलवेना.

"माझ्यावर."

"भरलेली होती?"

"हो."

त्यानं दगड बादलीत टाकला नाही. हातातच धरून घरात गेला, स्वयंपाकघरातल्या फोनशी उभा राहिला आणि तिच्याकडून हर्शेलचा नंबर लावून घेतला.

"हर्शेल, मी डेल्मर. ऐक, मधे बोलू नकोस. त्या बंदुका परत आणायच्या नाहीत. मी मागितल्या तरी नाही. रडलो तरी नाही."

"शिव्या दिल्यास तर?" पलीकडून आवाज आला. हर्शेल हसायचा प्रयत्न करत होता.

"मग तर मुळीच नाही. तुझ्या पोरीला दे. तिला सांग, मी चांगला शिकवायचो." त्यानं हातातला दगड फोनशेजारी ठेवला. "आणि यंत्र घेऊन ये. बांध पाडायचाय."

"तो नको," वेल्डा मागून म्हणाली. "डेल्मर, बांध राहू दे."

"राहिला तर मी रोज विचारीन. आणि तुला रोज ओढ्यावर जावं लागेल." त्यानं फोन ठेवला. "गुडघे बघ तुझे."

ती जेवायला वाढू लागली. बीन्स, मक्याचा ब्रेड, चिरलेला कांदा. त्यानं तिच्याआधी हात जोडून प्रार्थना म्हटली, एकही शब्द न चुकता. खाता खाता तो रेंजबद्दलच बोलत होता. टेबलावर पत्र्याचं छप्पर टाकायचं होतं म्हणाला, पावसात पोरांना उभं राहता यावं म्हणून. कडेला तिच्यासाठी खुर्ची. तिला बार काढायचा नसला, तरी बसायला.

"कुठल्या बाजूला?" तिनं विचारलं.

"सावलीच्या. अक्रोडाच्या झाडाखाली."

"मग माश्या खातील मला."

"जाळी लावली असती की."

ताटं रिकामी झाली होती. एरवी ती लगेच उठून भांडी सिंकमध्ये टाकायची. आज ती हलली नाही. खुर्ची सरकली, नळ वाजला, तर समोरचा हा माणूस त्या आवाजानं निघून जाईल अशी तिला धास्ती वाटत होती. ताटातले बीन्सच्या रश्श्याचे थेंब वाळत गेले. बाहेर कुरणावर अजून उजेड होता. तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि विचारलं, "आणि जाळी कशी लावली असतीस?"

तो सांगू लागला.